चौदा सेकंदांचा डूख

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी रिमोटवर उडणारं एक जुनं हेलिकॉप्टर आहे, तुमच्या शाळेच्या बाकाएवढं लांब, आणि मी डूख धरतो. क्षमाशील यंत्राची गोष्ट हवी असेल त्यांनी शिलाई मशीनकडे जावं.

माझा जन्म घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या दुकानात झाला. सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला अकरा महिने जोडलं. माझी दोन्ही पाती सारख्या वजनाची व्हावीत म्हणून ते हलक्या पात्याला चिकटपट्टी लावत, तोलत, नखाएवढी कापत, पुन्हा तोलत. त्यांची धाकटी बहीण दातांची डॉक्टर. ती म्हणायची, "दादा, एवढा वेळ मी दाढेलासुद्धा देत नाही."

"म्हणूनच लोक तुझ्याकडे परत परत येतात," घड्याळजी भिंग न काढता म्हणायचे.

घड्याळजींना जवळचं केसाएवढंही दिसे, पण पन्नास पावलांवरचं अंधुक. त्यामुळे मला उडवायचा तो कॅप्टन. हा पडद्यांच्या कापडाचा दुकानदार. कॅप्टन हे नाव टोपीमुळे पडलं. खऱ्या विमानात बसलं की त्याला मळमळतं.

आमची स्पर्धा शनिवार-रविवार असते. शनिवारी मी असा उडालो की परीक्षक खुर्च्यांवरून उठले. हवेत एका जागी इतका स्थिर राहिलो की एक जण म्हणाला, "दोरी बांधलीय की काय?" संध्याकाळी मी पहिला होतो. "बांधलं कुणी हे?" असं विचारल्यावर कॅप्टन म्हणाला, "आमचंच आहे." घड्याळजी शेजारीच उभे होते. मी ते तेव्हाच लक्षात ठेवलं.

आता एक गोष्ट समजून घ्या. रिमोट एकच असतो, पण त्यात प्रत्येक हेलिकॉप्टरचं वेगळं पान असतं. एकाची शेपटी ज्या इशाऱ्याने डावीकडे वळते, त्याच इशाऱ्याने दुसऱ्याची उजवीकडे. म्हणून उडण्याआधी एक जण आमच्यामागे गुडघे टेकून बसतो, शेपटी बघतो आणि मोठ्याने सांगतो, "डावं, बरोबर. उजवं, बरोबर." कॅप्टनला हा पोरखेळ वाटे.

रविवारी सकाळी चहा पिता पिता त्याने कुणाला तरी आपल्या लाल हेलिकॉप्टरचं पान दाखवलं. ते तसंच उघडं राहिलं. तपासणी न करता त्याने मला उडवलं. मी डोक्याएवढ्या उंचीवर गेलो आणि भोवऱ्यासारखा गरगरलो. तो सावरायला गेला की मी आणखी गरगरे. मग जमीन. दोन्ही पाती गेली, दांडा वाकला, शेपटी तुटून बाजूला पडली.

पडल्यापडल्या मी वर पाहिलं. कॅप्टनने रिमोटकडे पाहिलं, दचकला, आणि अंगठ्याने हळूच पान बदललं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घड्याळजी, हात थरथरायला लागले का हो? शेपटीचा स्क्रू ढिला राहिला तुमचा."

घड्याळजींनी ते खरं मानलं. दुकानात आणून त्यांनी माझे एकशे चार स्क्रू तपासले. सगळे घट्ट होते. तरी ते बहिणीला म्हणाले, "काहीतरी चुकलंच असेल. वय झालं." त्यानंतर त्यांनी बायकांची बारीक मनगटी घड्याळं घेणं बंद केलं. फक्त भिंतीवरची घेत. ज्या हातांनी मला घडवलं, त्या हातांवरचा त्यांचा विश्वास एका वाक्याने गेला. मी दोन वर्षं खिळ्याला लटकलो. कोळ्याने माझ्या पोटात संसार थाटला. दर तासाला घड्याळं ठोके देत आणि प्रत्येक ठोक्याला मी कॅप्टनची आठवण काढी. प्रेमाने नव्हे.

मग कॅप्टनच्या रिमोटची दांडी सैल झाली. एवढं नाजूक काम दुसऱ्या कुणाला जमेना, तेव्हा स्वारी दुकानात आली. "बघा, हात चालत असतील तर," म्हणाली.

घड्याळजींची एक खोड आहे. सूचनापुस्तिका वाचल्याशिवाय ते काही उघडत नाहीत. त्यांनी दोनशे बारा पानं वाचली आणि त्यांना कळलं की हा रिमोट रोजनिशी ठेवतो: कुठलं पान, कुठला दिवस, किती सेकंद. पुस्तिका वाचणं कॅप्टनला कमीपणाचं वाटत असल्यामुळे त्याला हे ठाऊकच नव्हतं.

घड्याळजींनी तो रविवार काढला. मग भिंग काढून ठेवलं आणि बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "आत्ता जाते आणि त्याचे सगळे पडदे फाडते."

"थांब. स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे. आधी याची पाती करायचीत." त्यांचा तो थंड आवाज मला फार आवडला.

स्पर्धेच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशी सगळे जमले होते. घड्याळजींनी रिमोट पुढे केला. "दांडी झालीय. सगळ्यांसमोर बघून घ्या, मागाहून तक्रार नको. आणि दोन वर्षांपूर्वीचा स्पर्धेचा रविवार काढा बरं. मी सांगतो कसा."

रिमोटचा पडदा उजळला. माझ्या पानावर त्या दिवशी काही नव्हतं. लालच्या पानावर चौदा सेकंद होते.

"लाल त्या दिवशी कुठे होतं?" घड्याळजींनी विचारलं.

"घरी. पातं मोडलं होतं ना त्याचं," कॅप्टन ऐटीत म्हणाला. आणि मग त्याला आपण काय बोललो ते उमगलं.

"मग हे चौदा सेकंद कोण उडालं?"

दातांची डॉक्टर बहीण म्हणाली, "कॅप्टन, तोंड मिटा. उघडी तोंडं बघायची सवय मला आहे, यांना नाही."

"गडबडीत पान बदलायचं राहिलं," तो पुटपुटला. "नंतर बदललं."

"आणि दादाला दोन वर्षं सांगितलं नाहीत."

घड्याळजी म्हणाले, "माफी वगैरे नको. आज याला माझी बहीण उडवणार आहे. शेपटी बघायला माणूस हवाय."

कॅप्टनने नवी पांढरी पँट घातली होती आणि गवत ओलं होतं. तो माझ्यामागे गुडघे टेकून बसला. "डावं... बरोबर."

"ऐकू नाही आलं," बहीण म्हणाली. त्याला तीनदा ओरडावं लागलं. मग मी उडालो. तिसरा आलो. बहिणीचा हात अजून कच्चा आहे, माझी तक्रार नाही.

सोमवारी घड्याळजींनी नखाएवढं एक मनगटी घड्याळ दुरुस्तीला घेतलं. त्यांचा हात जराही हलला नाही.

स्पर्धेच्या मंडळाने ठरवलं की वर्षभर कॅप्टनने प्रत्येकाची शेपटी तपासायची. दोन महिन्यांनी घड्याळजी म्हणाले, "पुरे आता, सोडा बिचाऱ्याला." मला कुणी विचारलं नाही.

तेव्हा मित्रांनो, सायकल असो की पंखा, वापरण्याआधी दोन क्षण नीट बघून घेत जा. आणि तुमच्या हातून काही मोडलंच, तर तिथल्या तिथे बोलून टाका. खापर दुसऱ्याच्या हातांवर फोडू नका. घड्याळजींचं मन मोठं आहे, ते विसरतील. माझं मात्र त्यांनी अगदी लहान बसवलंय, वजन वाढू नये म्हणून.