यादीतले आकडे

आमच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका तयार करायला सात टूल्स लागतात. कुठल्या टूलचं कुठलं व्हर्जन चालतं, ते आकडे मी यादीत लिहून ठेवले होते. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ते मला न विचारता पुसले. वर मलाच ऐकवलं, "नेहमी ताजं व्हर्जन घ्यावं. तू उगाच जुनं कवटाळून बसतेस."

यादीत आकडा नसल्यामुळे आज सकाळी आमच्या सर्व्हरवर एका टूलचं नवं व्हर्जन आपोआप आलं आणि पुस्तिकेतले सगळे तक्ते विस्कटले. माझं डोकंच फिरलं. मी आकडे परत टाकले.

दादा तणतणत माझ्या टेबलापाशी आला. "माझ्या लॅपटॉपवर तक्ते व्यवस्थित दिसतात. प्रोजेक्ट मी सुरू केलाय. काढ ते आकडे!"

"नाही काढणार. आण तुझा लॅपटॉप."

त्याने तोऱ्यातच आणून दिला. मी तपासलं. पठ्ठ्याने तीन वर्षांत एकही टूल अपडेट केलं नव्हतं. माझ्या यादीतून पुसलेलेच आकडे त्याच्या स्क्रीनवर होते.

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "ताजं हवंय ना? घे. आत्ता, माझ्यासमोर."

दादाने लॅपटॉप मिटला आणि छातीशी कवटाळला.