गुणवंतरावांची गरम खोली

जंगल खात्यातली नाकेदारी संपवून घरी बसल्यावर गुणवंतरावांनी आरमोरीत दोनच कामं मन लावून केली. एक, गुडघ्यांच्या नावानं कण्हणं. दुसरं, धानाच्या खोलीत गांजाचं झाड वाढवणं. पहिलं काम सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुसरं बायकोलासुद्धा ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती.

झाड अंगणात लावायची सोय नव्हती. सरकारची बंदी, आणि दारू-गांजा पकडणाऱ्या अबकारी खात्याचे डोमाजी जमादार शेजारच्याच घरात राहणारे. वर हिवाळ्याची थंडी. एका बैराग्यानं त्यांना बजावलं होतं की, हे झाड गारठ्यात मान टाकतं आणि फार तापलं तर करपतं. गुणवंतरावांकडे खात्याच्या साहेबानं आपल्या बदलीच्या वेळी दिलेलं, हवेची उष्णता मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. ते त्यांनी भिंतीला टांगलं. पारा सत्तर फॅरनहाइटच्या खाली उतरला की शेगडीत कोळसे पडत, पंच्याऐंशीच्या वर चढला की दार किलकिलं होई. खिडकीतून वारा येतो म्हणून एक दिवस त्यांनी तिथं वाकळ लावली.

"माह्या अंगावरची वाकळ खिडकीले काऊन?" शकुबाईनं विचारलं.

"औषधी झाड हाय आत. गुडघ्याचं."

"असं का," ती म्हणाली. "मंग गुडघ्याले शेगडी अन् बायकोले हुडहुडी. चालू द्या."

आणि तिनं ते खरंच चालू दिलं. गुणवंतरावांना याचं नवल वाटायला हवं होतं, पण ते पारा बघण्यात गुंतले होते.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांची लेक वच्छला बाळंतपणासाठी माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. बुधरी सुईणीनं नाळ कापून हात धुतले आणि म्हणाली, "बाई, लेकरू नाजूक हाय. गरम खोली पाहिजेन."

"हाय ना! यायनं दोन महिन्यांपासून तयारच करून ठेवली," शकुबाई म्हणाली आणि नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं बघितलं, की ते हो म्हणून बसले.

धानाच्या खोलीत बाज गेली, ओव्याची धुरी गेली, बायका गेल्या. पुरुषांना मज्जाव झाला. गुणवंतराव ओसरीवर बसून दारातून हाका मारू लागले.

"शकू, किती हाय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बराबर. अन्... कसं काय हाय?"

"कोण? लेकरू का झाड?"

ओसरीवर दोन शेजारी बसलेले. गुणवंतराव घाईनं म्हणाले, "लेकरू! लेकरूच म्हणतो मी."

"मंग बरं हाय," आतून उत्तर आलं.

चौथ्या दिवशी डोमाजी जमादार स्वतः आले. गुणवंतराव सरकून दारासमोर बसले. जमादारांनी ओसरीवर बूड टेकलं, दाराकडे बघितलं, नाक वर केलं.

"काऊन भाऊ, आतून वास कायचा येऊन राह्यला?"

"ओव्याचा," गुणवंतराव म्हणाले.

"अन् खोली इतकी गरम कशी ठेवता? माही बायको सांगत होती, असं बाळंतिणीचं घर तिनं पाह्यलंच नाई."

भीती ओसरली तसं गुणवंतरावांना स्फुरण चढलं. सत्तरच्या खाली नाही, पंच्याऐंशीच्या वर नाही, कोळसे कधी, दार कधी, पहाटे जास्त जपायचं, सगळं त्यांनी ऐकवलं. जमादार मान डोलावत राहिले.

"भाऊ, माह्याही घरी पुढच्या महिन्यात पाळणा हलणार. ते यंत्र मले द्या. तुमच्याएवढा जाणता मानूस दुसरा नाई."

नाही कसं म्हणणार? शकुबाईनं यंत्र आतून आणून जमादारांच्या हातात ठेवलं, पुसून.

जमादार गेल्यावर गुणवंतराव कुजबुजले, "आता झाडाचं कसं?"

"झाड पह्यल्याच दिवशी मागच्या दारी ठेवलं. लेकराजवळ तसलं नाई ठेवत मी. गारठ्यानं वाळलं. बकरीनंही तोंड नाई लावलं."

"म्हंजे हे चार दिवस तू मले झाडाचं बरं हाय म्हणून सांगत होती?"

"मी कवा सांगतलं? तुमी इचारत होते लेकराचं."

रागावावं असं गुणवंतरावांना वाटलं, पण रागाचं कारण ओसरीवर बोलता येण्यासारखं नव्हतं.

बारशाच्या दिवशी त्यांना आत सोडलं. वच्छलेनं बाळ मांडीवर दिलं. बाळानं झोपेतच त्यांची करंगळी धरली. गुणवंतरावांनी भिंतीकडे बघितलं, रिकामा खिळा दिसला. मग त्यांनी बाळाच्या कपाळाला, तळपायाला हात लावला.

"शकू, दोन कोळसे काढ," ते म्हणाले. "घामेजून राह्यला हा."

शकुबाईनं चिमटा उचलला.