चौकटीतला खिळा

भिलाईतल्या खुर्सीपारच्या त्या गल्लीत रक्त पिणारी बाई राहायला आली आहे, हा शोध लावायला गल्लीला फार दिवस लागले नाहीत. पुरावे भरपूर होते. मोना रात्री कामाला जायची आणि दिवसा खिडकीवर चादर टांगून झोपायची. लसूण खात नव्हती. आणि नोकरी कुठे, तर दुर्ग शहरातल्या एका रक्तपेढीत. एवढं सगळं एकाच पोरीत जुळून आल्यावर बिचाऱ्या गल्लीने तरी काय करावं?

बेबीताईंना आधी हसूच आलं. मोना त्यांचीच भाडेकरू, बाजूच्या खोलीत राहणारी. लसणाचं म्हणाल तर चातुर्मास लागला होता, आणि पवनीहून आईने फोन करकरून पोरीला कांदा-लसूण सोडायला लावला होता. बेबीताई स्वतः भंडाऱ्याकडच्या. त्यांच्या माहेरीही चार महिने घरात लसूण येत नसे. पोलादाच्या प्लांटमधला नवरा करून भिलाईला आल्यावर तो नेम कधी सुटला, हे त्यांनाही आठवत नव्हतं. आता मराठी घरातलीच पोरं मोबाइलवर कोटवाली, सुळेवाली विलायती पिशाच्चं बघून ठासून सांगत होती, की लसूण टाळते म्हणजे ती तसलीच.

भुताखेतांच्या विषयात गल्लीत बेबीताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. माहेरी ऐकलेली हडळ उलट्या पायांची, बाळंतिणीवर टपलेली. वेताळ झाडाला लटकून कोडी घालायचा, आणि त्याचाच शेंदूर फासलेला दगड शिवेवर बसून गाव राखायचा. भिलाईला आल्यावर टोनही कळली, नजरेनेच लेकराचं रक्त ओढणारी बाई. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, नियम वेगळे. गल्लीने मात्र सगळ्यांना एकाच मिक्सरमध्ये फिरवलं आणि त्यातून मोना काढली. हा अडाणीपणाच बेबीताईंना जास्त झोंबला.

पण समोरच्या दुर्गाची सोनू आजारी पडली आणि गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. एवढीशी पोर, फिकट पडत चाललेली, हातपाय दुखतात म्हणून रडणारी. एकदा कामावरून येताना मोना तिच्यापाशी थांबली, डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली आणि दुर्गाला म्हणाली, की हिच्या अंगात रक्त कमी दिसतं, लवकर तपासून घ्या. पुढच्याच आठवड्यात सोनूला ताप भरला. दुर्गाच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच: माझ्या लेकराच्या अंगात रक्त किती, हे हिला कसं ठाऊक? दवाखाना राहिला बाजूला, तिने मंत्र-तंत्र करणाऱ्या बैगाकडून मंतरलेला दोरा आणून पोरीच्या गळ्यात बांधला. तिचा नवरा नरेश बेबीताईंना बजावून गेला, की ही खोली रिकामी करवा, नाहीतर आम्ही करवतो.

बघते, म्हणाल्या बेबीताई. खरं तर त्याही भ्यायल्या होत्या. मोनाने आणून दिलेली खीर त्यांनी त्या दिवशी चुपचाप मोरीत ओतली, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. कुठल्याही गावी असंच होत असणार, त्यांच्या मनात आलं. आधी कोणाचं तरी लेकरू वाळत जातं. मग लोक बाई शोधतात. हडळ काय, टोनही काय, नाव नंतर ठेवतात.

हरेलीच्या सणाची सकाळ उजाडली. दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. धोंडबा लोहार एरवी खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग करायचा, हरेलीला मात्र खिळ्यांची थैली घेऊन घरोघरी फिरायचा. चौकटीत खिळा ठोकला की रोगराई आणि बाधा उंबऱ्याबाहेर राहते, आणि घरची बाई लोहाराला सुपातून डाळ-तांदूळ देते. छत्तीसगढची ही रीत इथल्या मराठी घरांनी कधीच आपली करून टाकली होती. अख्खं शहर पोलाद करतं, पण त्या दिवशी खिळा लोहाराच्याच हातचा लागतो.

धोंडबाने बेबीताईंच्या चौकटीत खिळा ठोकला, तांदूळ घेतले. बाजूच्या दारात मोना सूप घेऊन उभी होती. नुकतीच कामावरून आलेली, डोळे तारवटलेले. बेबीताईंनी सांगितलं तसं तिने सगळं मांडलं होतं. धोंडबाने एकदा समोर नरेशकडे पाहिलं, मान खाली घातली आणि मोनाचं दार टाळून पुढे निघाला.

ज्या दाराशी लोहार थांबला नाही त्या दारात कोण राहतं, हे सगळ्यांच्या लेखी ठरून गेलं. टोनही ठरवलेल्या बायांचे हाल होऊ नयेत म्हणून राज्यात कायदा आहे, पण कायदा येईपर्यंत लोकांचे हात पोचलेले असतात. मोनाच्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ खाली सांडले.

"धोंडबा, थांब," बेबीताई म्हणाल्या. "माह्या दारचा खिळा काढ."

धोंडबा चपापला. ठोकलेला खिळा काढत नसतात, म्हणाला, घराले बाधते.

"मंग तिच्या दारी ठोक. ते माह्याच घरची पोरगी आहे. तिले खिळा नाही तर मलेबी नको."

धोंडबा जागचा हलेना. तेव्हा बेबीताईंनी त्याच्या थैलीतली पकड घेतली आणि स्वतःच खिळ्याला लावली. लग्न होऊन आल्यापासून एकही हरेली बिनखिळ्याची गेली नव्हती, आणि भीती काही एका सकाळीत जात नाही. पण त्यांनी खिळा हलवून हलवून उपसला आणि धोंडबाच्या हातावर ठेवला. मग मोनाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

दुर्गा सोनूला कडेवर घेऊन समोरून हे बघत होती. बेबीकाकू भुताला किती भितात हे तिच्याइतकं कोणाला माहीत? त्या काकू आपलं दार बिनखिळ्याचं करून त्या पोरीला खेटून उभ्या होत्या. दुर्गा गल्ली ओलांडून आली. नरेशने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

"सोनूचं रक्त कमी आहे, हे तुले कसं कळलं?" तिने विचारलं.

इतके दिवस तिने हे बैगाला विचारलं होतं, शेजारणींना विचारलं होतं. मोनाला आज पहिल्यांदा विचारत होती.

"माह्या भावाचं असंच होतं, ताई," मोना म्हणाली. "पापणी अशीच पांढरी, हातपाय असेच दुखायचे. आमी नुसती झाडफूक करत राहिलो, लय वेळ गमावला. मंग सिकलसेल निघाला, रक्ताचा आजार. आता गोळ्या चालू आहेत, कधी कधी रक्त चढवा लागते. कॉलेजात जाते तो." तिने सोनूकडे पाहिलं. "सोनूले तेच असन असं नाही. पण तपासलं पायजे."

"अन् ते रक्त कोण देते?"

"लोक देतात. कधी मीबी देतो. ते सांभाळून ठेवाचंच तं माह्यं काम आहे."

दुर्गाने सोनूच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात लावला, पण काढला नाही. तेवढं धैर्य अजून तिच्यात नव्हतं.

"मले दवाखान्यातलं काही समजत नाही," ती म्हणाली. "तू संग चाल."

आणि सगळ्या गल्लीदेखत तिने आपलं लेकरू मोनाच्या हातात दिलं.