ज्याची टेस्ट, त्याला विचारा

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. खरं तर ती त्यांतल्या एकाचीच ताई होती, आणि तो एक तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला होता. पण त्याने हाका मारून मारून ते नाव इतकं रुळवलं होतं, की तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा तिला ताईच म्हणत. तो गेला, हाक मागे राहिली. दिवसातून वीसदा कुणी ना कुणी "ताई" म्हणे, आणि विसांतून एकदा तरी तिची मान चुकीच्या खुर्चीकडे वळे.

कंपनी म्हणजे पाच माणसं, एक लांब टेबल आणि कोपऱ्यात सरांची काचेची खोली. जनावरांच्या दवाखान्यांसाठी ते सॉफ्टवेअर करत. कुत्र्या-मांजरांची नोंद ठेवायची, लस कधी द्यायची ते सांगायचं, आणि वेळ झाली की मालकाच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढंच काम. एवढंच म्हणायचं आणि त्यात आठ वर्षं घालवायची, असा प्रकार होता.

त्या दिवशी सकाळी चहाचे कप टेबलावर यायच्या आतच भांडण जुंपलं. जुंपवलं ते झाडूने. हा नवा प्रोग्रॅमर. येऊन जेमतेम चार महिने झालेले, पण कानामागून येऊन तिखट झालेला. जुना कोड दिसला की याचे हात शिवशिवत, म्हणून त्याचं नाव झाडू पडलं. त्याला ते नाव आवडे, यातच सगळं आलं.

"कोडमध्ये कॉमेंट्स हव्यातच कशाला, ते मला कुणीतरी समजावून सांगा," झाडू म्हणाला.

कॉमेंट म्हणजे कोडच्या शेजारी माणसांसाठी लिहिलेली टीप. यंत्र ती वाचत नाही, तिला ओलांडून पुढे जातं. "नावं नीट दिली की कोड स्वतःच बोलतो," झाडूने पुढे जोडलं.

"तुझा कोड बोलतो खरा," दुर्बीण म्हणाली, "पण काय बोलतो ते दुसऱ्या दिवशी तुला तरी कळतं का?" दुर्बीण ही टेस्टिंगवाली. दुसऱ्यांच्या कामातली चूक शोधण्याचा तिला पगार मिळे, आणि पगार नसता तरी तिने हे काम केलंच असतं. "काल तू एका गोष्टीचं नाव 'नवीन' ठेवलंस आणि दुसरीचं 'नवीन दोन'."

"ते तात्पुरतं आहे."

"या ऑफिसात सगळ्यात जास्त टिकतं ते तात्पुरतंच."

"बरं, मग हे ऐका." झाडू स्क्रीनवरून वाचायला लागला. "'या ओळीला हात लावू नका. का ते मलाही माहीत नाही.' ही कॉमेंट. हिचा मला काय उपयोग? कुणी लिहिलीय ही?"

काचेच्या खोलीतून सर खोकले.

सगळे हसले. ताईही हसली, पण बोलली नाही. एके काळी हाच वाद ती हिरिरीने घाले, रोज, आणि समोर असे तिचा धाकटा भाऊ. धाकट्याचं मत झाडूपेक्षाही जहाल होतं. तो म्हणे, कोड बदलतो आणि कॉमेंट तशीच राहते, म्हणून प्रत्येक कॉमेंट कधी ना कधी खोटी पडते. खरं बोलते ती फक्त टेस्ट. टेस्ट म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला राबवून बघणारा एक छोटा प्रोग्रॅम. काही बिघडलं की तो लाल होऊन ओरडतो. "तुझ्या टिपा वाचायला छान वाटतात गं," तो तिला म्हणे, "पण त्या माणसाला झोपवतात." मग दोघं घरी जाताना रस्ताभर भांडत, आणि जेवताना आई दोघांना गप्प करी. आता रस्ता तोच होता. ती तो एकटीने चालत असे आणि तिला ते भांडण अक्षरशः हवं असे.

"कॉमेंट्सचं राहू दे," झाडू म्हणाला. "पण एक टेस्ट मात्र मी आज काढणार आहे. हिच्यामुळे दर वेळी चार मिनिटं फुकट जातात. एक अक्षर बदललं तरी चार मिनिटं. दिवसातून मी तीसदा काहीतरी बदलतो. करा हिशेब. आणि टेस्टचं नाव तरी बघा, अख्खं वाक्य आहे. 'गेलेल्या जनावराच्या घरी निरोप जाता कामा नये.'"

दुर्बिणीने कपातला चहा ढवळला. साखर ती घेत नसे.

"काय झालं?" झाडूने विचारलं.

"काढता येणार नाही," दुर्बीण म्हणाली. "नियम आहे. ज्याची टेस्ट, त्याला विचारल्याशिवाय काढायची नाही. कंपनीतला असो की कंपनी सोडून गेलेला."

"मग विचारा. कोण आहे तो?"

सर दारात येऊन उभे राहिले होते. "मी मेल टाकतो त्याला," ते म्हणाले.

"नको," ताई म्हणाली. "मी विचारते." आपण फार घाईने बोललो हे तिच्या लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेला होता. तिला तो फोन हवाच होता. तीन वर्षांत तिने त्याच्याशी बोलायचं निमित्त कुठे कुठे शोधलं नव्हतं, आणि ते असं झाडूच्या हातून टेबलावर येऊन पडलं.

ती टेस्ट का लिहिली गेली, ते झाडू सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दोनशेबारा घरी निरोप गेला होता, 'तुमच्या लाडक्याची लस राहिली आहे, त्याला घेऊन या.' त्या दोनशेबारा घरांतलं जनावर मेलेलं होतं. कुठल्याशा दवाखान्यात एक म्हातारे गृहस्थ नुसता पट्टा हातात घेऊन आले आणि बाकावर बसून राहिले. निरोप आला म्हणून आलो, म्हणाले.

निरोप पाठवायचा तो भाग धाकट्याने लिहिला होता. मेलेली जनावरं यादीतून गाळली जातात की नाही, याची टेस्ट त्याने लिहिली नव्हती. सगळ्या ऑफिसला एवढंच माहीत होतं.

ताईला पुढचं माहीत होतं. त्या यादीच्या डोक्यावर एक कॉमेंट होती, 'मेलेली जनावरं इथेच गाळली जातात, पुन्हा तपासायची गरज नाही.' ती तिची होती. लिहिली तेव्हा खरीही होती. मग एकदा घाईत तिने गाळणारी ओळ उचलून दुसरीकडे नेली आणि कॉमेंट उचलायची विसरली. धाकट्याने कॉमेंट वाचली आणि विश्वास ठेवला. जगातल्या सगळ्या कॉमेंट्स खोट्या म्हणणाऱ्या त्या पोराने आयुष्यात एकाच कॉमेंटवर डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण ती ताईची होती.

त्या सकाळी मीटिंग दहाला होती. साडेनऊला तिने ती कॉमेंट पुसून टाकली. बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. दहाला सरांनी धाकट्याला विचारलं, टेस्ट का नाही लिहिलीस? त्याने तिच्याकडे पाहिलं. ती मूग गिळून बसली होती. मग तो म्हणाला, "राहिली." त्यानंतर दहा दिवस बसून त्याने ती चार मिनिटांची टेस्ट लिहिली, प्रत्येक जनावर एकेक करून तपासणारी, आणि नोकरी सोडली. महिन्याभरात घरही सोडलं. दुसऱ्या शहरात त्याला काम मिळालं. आईला त्याने सांगितलं, ऑफिसात माझ्या हातून मोठी चूक झाली.

ताई जिन्यात जाऊन उभी राहिली. फोन वाजत होता तोवर तिने तीन वाक्यं मनात जुळवली आणि तिन्ही विसरली.

"हॅलो."

"मी बोलतेय."

"बोल." 'ताई' तो म्हणाला नाही.

"तुझ्या एका टेस्टबद्दल विचारायचं होतं. गेलेल्या जनावरांची. काढायची म्हणतायत."

"का?"

"चार मिनिटं लागतात."

"लागणारच. साठ हजार जनावरं आहेत." मग त्याला राहवेना. "चार तुकडे करून एकदम चालवा, मिनिटात होईल. कुणाला सुचलं नाही का इतक्या दिवसांत?" आवाज अगदी पूर्वीचा, जेवणाच्या टेबलावरचा. तिने जिन्याचा कठडा धरला. तो बोलतच होता, तुकडे कुठे पाडायचे, कुठली यादी आधी घ्यायची, आणि ती हं हं करत होती. त्यातला एकही शब्द तिच्या डोक्यात शिरत नव्हता. त्याने थांबू नये एवढंच तिला वाटत होतं.

तो थांबला. "लिहून घेतलंस ना?"

"ती कॉमेंट माझी होती," ताई म्हणाली.

पलीकडे कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "नोंदीत सगळं दिसतं. साडेनऊला पुसलीस तू. मी दहाच्या आत बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

तिला वाटलं, आता तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या धाकट्याला कसं वळवायचं हे तिला लहानपणापासून जमत होतं. पण तो शांतच होता.

"मी चुकले रे," ती म्हणाली. "सगळी चूक माझी."

"हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं." आणि मग, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ती टेबलाशी परत आली आणि उभ्याउभ्याच सगळ्यांना सांगितलं. कॉमेंट कुणाची, कधी पुसली, कारण काय लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची तीन वर्षं झाकलेली मूठ उघडली तर आत कुणाला काही फारसं दिसलंच नाही. सर म्हणाले, "जाऊ दे गं ताई, जुनी गोष्ट झाली." झाडूने विचारलं, "मग टेस्ट काढायची की नाही?" फक्त दुर्बीण तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "त्याला मी त्या दिवशी फार बोलले होते." ताईला ते माहीत होतं. तीही तिथेच बसलेली होती.

घरी आई इस्त्री करत होती. ताईने चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर ठेवली आणि बसलीही नाही. बसलं की सांगणं होणार नाही, हे तिला स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. आईला कोड, कॉमेंट, टेस्ट यातलं काही कळत नसे. म्हणून ताईने ते सगळं गाळलं आणि एवढंच सांगितलं की चूक माझी होती, मी ती लपवली, आणि त्याने ती स्वतःवर घेतली.

आईने इस्त्री उभी करून ठेवली. प्लग काढला. हातातला उशीचा अभ्रा टेबलावर पसरून ठेवला.

"दर महिन्याला त्याचा फोन येतो," आई म्हणाली. "दर महिन्याला मी त्याला सांगते, बाळा, चूक एकदा कबूल केली की माणूस हलका होतो. तोंड लपवून बसू नये. आणि तो म्हणतो, हो आई."

ताईला रडू आलं. आईने ते पाहिलं, पण जवळ घेतलं नाही. "फोन दे इकडे," ती म्हणाली.

आई आतल्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ताई इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून ऐकत होती. आधी आईचा आवाज कापरा होता, मग ती त्याला रागावली, मग जेवतोस काय, झोपतोस किती, केस कोण कापतं, अशी तीन वर्षं उपदेशातच राहून गेलेली चौकशी सुरू झाली. आई एकदा हसलीसुद्धा. त्या हसण्याने ताईचा जीव इतका आसुसला की ती दोन पावलं दाराकडे गेली. आता आई म्हणेल, थांब, ताईला देते. तिने हात ड्रेसला पुसले, जणू फोन ओल्या हाताने घ्यायचा नव्हता.

"हो, इथेच आहे," आई आतून म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली, आणि हळू आवाजात काहीतरी बोलली, ते ताईपर्यंत पोचलं नाही. "बरं," म्हणाली. "बरं, सांगते." आणि बोलणं संपलं.

आई बाहेर आली, प्लग लावला आणि इस्त्री तापेपर्यंत अभ्रा हाताने सारखा करत राहिली.

"काय म्हणाला?"

"रविवारी येतो म्हणाला. दुपारच्या जेवणाला."

"आणि माझ्याबद्दल?"

"विचारत होता, तू घरी असशील का."

ताईने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असावी म्हणून विचारलं की नसावी म्हणून, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. आईलाही ते कळलं नसावं, किंवा कळलं असेल तरी ती सांगणार नव्हती. विचारताना त्याचा आवाज कसा होता, हा प्रश्न ताईच्या जिभेवर आला आणि तिने तो परत गिळला.

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिलाच विचार," आई म्हणाली आणि फोन तिच्यासमोर, इस्त्री केलेल्या कपड्यांवर ठेवला.