एकोणीस दिवस

लाल पेनाचं टोपण दातात धरून अधिकाऱ्यांनी चोविसावा अर्ज उचलला आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. बालवाडीत मोठ्या माणसाला बसायला धड खुर्ची नव्हती, त्यामुळे ते मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले होते. रुबाब मात्र तसूभरही कमी नव्हता. बालवाडीला मान्यता द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस कशावरही बसला तरी साहेबच.

अर्ज त्यांच्याच नातीचा होता.

"म्हटलं, तुमची नात आहे, यादीत घालूनच टाकू," मुख्याध्यापिका हसत म्हणाल्या.

"तीस जूनला तीन वर्षं पूर्ण हवीत."

"अहो साहेब, एकोणीस दिवस तर कमी पडताहेत. कोण बघतंय?"

"मी बघतोय की! त्याचाच पगार घेतो."

आणि त्यांनी अर्जावर लाल रेघ ओढली. चांगली सरळ आली. एवढ्या वर्षांत रेघ कधी वाकडी आली नव्हती, ती आज नातीच्या अर्जावर येईल होय!

"खोडलंत, बाबा?"

दारात त्यांची लेक उभी होती. कडेवर ठकी, म्हणजे हीच ती नात, आईच्या ओढणीचं टोक चघळत होती. मुख्याध्यापिकांना अचानक पलीकडच्या वर्गात काम आठवलं.

"अगं, नियम काय तुला ठाऊक नाही?"

"मला माझी रजा संपतेय हेही ठाऊक आहे. सोमवारी लॅबमध्ये हजर झाले नाही, तर माझ्या जागी दुसरी येणार. तसं लेखीच दिलंय त्यांनी. हे महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. पाळणाघरात दोनदा ठेवून पाहिलं, दोन्ही वेळा पोर तापानं फणफणून घरी आली. आई असती तर तुमच्या दारात आलेच नसते."

बायकोचा विषय निघाला की अधिकारी चष्मा पुसायला घेत. आताही घेतला.

"तुमच्या वडिलांनी तर तुमचं वय अकरा महिन्यांनी वाढवून शाळेत घातलं होतं," लेक म्हणाली. "काय बिघडलं तुमचं?"

"बिघडलं ना! वर्गात सगळ्यांत लहान मी. खडू धरता येईना. खेळायला गेलो की लिंबूटिंबू. चड्डी ओली व्हायची म्हणून पहिलं वर्षभर मागच्या दाराशी रडत बसायचो. आमच्या वडिलांना वाटलं, पोरगं पुढे गेलं. ते ठकीच्या वाट्याला यायला नको मला."

"आणि तेच अकरा महिने आता सरकारकडून वसूल करताय."

हे खरं होतं. कागदावरच्या वयानं ते येत्या शुक्रवारी निवृत्त होणार होते. पण गेल्या महिन्यात एका जुन्या दवाखान्याच्या वहीत त्यांच्या जन्माची खरी तारीख सापडली होती. ती शोधायला हीच लेक दोन दिवस त्यांच्याबरोबर धुळीत शिंकत बसली होती. दुरुस्तीचा अर्ज वरिष्ठांकडे होता, सहीची तेवढी देर. अकरा महिने जास्त नोकरी! नोकरीवर त्यांचा जीव होता, ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"तुमच्याकडे मी काही मागत नाहीये," लेक म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "निदान मला जरा रागवू तरी द्या."

ती गेली. ठकीनं तिच्या खांद्यावरून आजोबांना टाटा केला. अधिकाऱ्यांनी बाकीचे अर्ज पुन्हा एकदा तपासले, नळ मुलांच्या हाताला पुरतो का ते पाहिलं, दाराची कडी खाली बसवून घ्यायला सांगितलं आणि मान्यतेवर सही केली. तेवीस मुलांची.

कार्यालयात पोचले तेव्हा वरिष्ठ बाई त्यांचीच वाट बघत होत्या. त्या त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"या, पेढे कधी देताय? पुरावा पक्का आहे तुमचा. आत्ता सही करते."

"थांबा. अर्ज परत द्या तो."

"का? काही चुकलंय का त्यात?"

"काही चुकलेलं नाही. मी मागे घेतोय."

 बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी अर्जाच्या तळाशी दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली आणि बाहेर येऊन जिन्यातच फोन लावला. 

"सोमवारी किती वाजता निघतेस?"

"कुठे निघणार, बाबा?"

"वेळ सांग."

"आठ."

"मग मी साडेसातला येतो. ठकी दुपारी कधी झोपते, काय खाते, सगळं लिहून ठेव. तोंडी सांगितलेलं मी मानत नाही."



"बाबा, तुमचा तो दुरुस्तीचा अर्ज?"

"शुक्रवारी अठ्ठावन्न पूर्ण होताहेत माझे," ते ठणठणीत आवाजात म्हणाले. "नियमात अगदी चोख बसतंय."