गोदूची उत्तरं

श्रीपादरावांच्या घरात धाकट्या बहिणीला, गोदूला, तोंड होतं ते फक्त जेवायला, असा सगळ्यांचा पक्का समज. सातव्या वर्षी टायफॉइडमध्ये तिची वाचा वर्षभर गेली, तेव्हा दहा वर्षांचा दादा तिच्या वतीनं मास्तरांना, दुकानदाराला, डॉक्टरला उत्तरं द्यायला लागला. वाचा परत आली. दादाची सवय मात्र सुटली नाही. आता गोदू पन्नाशीला आली, तरी तिला चहा हवा की नको हेसुद्धा दादाच सांगायचे. मायेनंच सांगायचे, पण सांगायचे.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि बाहेरगावच्या पोरींची रीघ लागली. चौबे कॉलोनीतल्या एका मुलींच्या होस्टेलला वॉर्डन हवी होती, आणि देवळातल्या ओळखीतून विचारणा गोदूला आली. तिला जायचं होतं. इतकं, की निरोप आल्यापासून घास गोड लागत नव्हता. दादा मात्र संध्याकाळी फोन करून नाही म्हणणार होते. "चार माणसांत तिची बोबडी वळते. कशाले त्रास द्यायचा तिले?" गोदू सवयीनं उठून आत गेली.

त्याच दुपारी दादांची लेक ऋता मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी स्वभावाची चाचणी घेऊन आत्यासमोर बसली. चाळीस प्रश्न, उत्तर हो किंवा नाही.

"अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं?"

"नाही," पेपराआडून दादा.

"भांडण मिटवायला पुढे होता?"

"छे! ती तर उठून आत जाते," पुन्हा दादाच.

ऋतानं पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, टेस्ट आत्या का है, आपका नहीं." तिनं गोदूला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

पहिल्या दोन प्रश्नांना गोदू घुटमळली. मग जी सुटली! बीरगांवहून येणाऱ्या भाजीवालीचा आणि तिच्या सुनेचा अबोला आपण कसा मोडला, पुरानी बस्तीच्या देवळात हरवलेली पोट्टी कशी बोलती केली, नुसत्या हो-नाहीवर तिचं भागेना.

"आत्या, ये सब घर में क्यों नहीं बोलतीं?"

"घरी कोणी मले विचारतच नाही ना, बाई," गोदू म्हणाली, आणि तिला एकदम रडूच आलं.

ऋतानं तिचे डोळे पुसले, उत्तरं जुळवून पाहिली. "किताब के हिसाब से आप एकदम बहिर्मुख हो."

"म्हणजे?"

"माणसांत खुलणारी."

एव्हाना संध्याकाळ झाली होती, बाहेर दादांनी होस्टेलला फोन लावला होता. "हां, मी श्रीपाद. गोदूचं म्हणाल तर..."

गोदू बाहेर आली. तिनं हात पुढे केला. "दादा, मले दे."

दादांनी गोंधळून रिसीव्हर दिला.

"मी गोदावरी बोलून राहिली. हव, मले यायचं आहे. सोमवारपासून येते."

तिनं फोन ठेवला. दादांचा चेहरा पार उतरला होता. मग म्हणाले, "गोदू, चहा घेशील?"

आणि उत्तरासाठी थांबले.