बडीशेपेचा वास

मास्तरांचा नियम एकच, आणि तीस वर्षं त्यांनी तो गावभर घोकवला होता. ओढ्याकाठी पांढऱ्या फुलांच्या छत्र्या धरणारी रानटी झुडपं, दरवर्षी जुन्याच मुळांतून फुटणारी, दोन जातींची. पान चुरगाळायचं आणि हुंगायचं. बडीशेपेचा वास आला तर खुशाल खा. उंदरांचा आला तर फेकून द्या, हात धुवा. दिसायला दोन्ही सारखीच, तेव्हा डोळ्यांवर भरवसा नको.

आता यांची गत ऐका. थंडीत मास्तरांना ताप आला आणि जाताना नाकातला वासच घेऊन गेला. पण सांगणार कुणाला? ज्याच्या दारात माणसं पाला घेऊन विचारायला येतात, त्याने? लाज वाटली. होईल बरं, म्हणत मास्तर गप्प बसले आणि हुंगून मान डोलवत राहिले.

त्या दिवशी सकाळी ताईने जुडी पुढे केली. थोरली बहीण, पण पाल्याच्या बाबतीत धाकट्याचा शब्द तिला शेवटचा.

"बघ रे, आपलीच ना?"

त्यांनी पान चुरगाळलं, डोळे मिटून हुंगलं. "आपलीच."

दुपारी तिने ती आमटीत घातली. मास्तरांना भूक नव्हती, एकटीच जेवली. चार वाजता ती दवाखान्यातल्या खाटेवर होती, ओठ पांढरेफटक, हात थरथरत होते.

डॉक्टरीण मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. "कुणाला दाखवून घेतली होती का, ताई?"

"नाही गं. माझाच आगाऊपणा," ताई कशीबशी म्हणाली. "याला विचारलंच नाही."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही ते बोलले नाहीत. ही लाज त्यांना जन्मभर पुरणार होती.

डॉक्टरिणीने उरलेली जुडी त्यांच्या हातात दिली. "नक्की कुठली ते कळलं तर पुढचं औषध ठरवता येईल. तुमच्याइतकं कोण ओळखणार, सर?"

मास्तरांनी पान चुरगाळलं. सवयीने नाकाशी नेलं. खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"विषारीच धरून चाल," ते म्हणाले. "मला वास येत नाही. थंडीपासूनच. सकाळी हिने मला दाखवली होती, मीच हो म्हटलं."

डॉक्टरीण धावतच बाहेर गेली. ताईने उशीवरची मान हळूहळू त्यांच्याकडे वळवली.

"मग सकाळी डोळे मिटून काय हुंगत होतास रे?"

मास्तरांना हातातला चुरा टाकवेना.